उरलेलं रॉकेल

श्रावणात मुलगा सुट्टीवर आला तो बाळ बघायला, असं सगळ्या गल्लीला वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण त्याच्या मनात दुसरं एक काम होतं. घोटीच्या पलीकडे एका खेड्यात त्याच्या सोबत्याची आई राहते, तिच्या दारावर जायचं होतं. सोबती त्याच्याच पोस्टवर, बर्फात, मागच्या हिवाळ्यात गेला. माणूस गेलेल्या घरी जाऊन थोडा वेळ बसायचं आणि उठायचं, याला आमच्याकडं दारावर जाणं म्हणतात. मी आयुष्यात पुष्कळ दारांवर जाऊन आले आहे. त्यात अवघड काही नसतं, कारण फारसं बोलावं कुणालाच लागत नाही. हा मात्र रोज म्हणायचा उद्या जाऊ, आणि उद्या आला की गोठ्याचा पत्रा ठोकत बसायचा.

का ढकलतो ते मला एका शेगडीमुळं कळलं, नाहीतर त्यानं सांगितलं नसतं.

आधी त्याचं काम सांगते. मुलगा लष्करात आहे म्हटलं की लोकांना बंदूक दिसते. बंदूक आहेच, पण तो सांभाळतो ते रॉकेल. त्याच्या पोस्टवर झाड नाही, काटकी नाही, शेण नाही. प्यायचं पाणी बर्फ वितळवून करायचं, ते रॉकेलवर. भात रॉकेलवर. ओले मोजे वाळवायचे ते रॉकेलवर. झोपायच्या खोलीत एक पत्र्याची शेगडी असते, तिला बुखारी म्हणतात, तिच्यात थेंब थेंब रॉकेल पडत राहतं आणि धूर नळीनं बाहेर जातो. बर्फ पडून खिंड बंद झाली की खालून काही येत नाही. म्हणून सगळ्या हिवाळ्यात जे जाळायचं ते आधीच वर नेऊन ठेवायचं. रस्ता संपेपर्यंत टँकर, पुढं डब्यांत भरून खेचरावर, खेचर चढत नाही तिथं हमालाच्या पाठीवर. मुलगा म्हणतो, एक डबा वर पोचवायला डब्यातल्यापेक्षा जास्त तेल जळतं. मला ते पहिल्यांदा खरं वाटलं नाही. आता वाटतं.

हे डबे हिवाळाभर पुरवायची जबाबदारी याच्यावर. आणि पुरवण्यात तो माझा मुलगा आहे. आम्ही रेशनच्या रॉकेलवर दिवस काढले. कंदिलाची वात किती वर ठेवायची ते मी ठरवायची, आणि माझ्या घरात वाचणाऱ्यालाही ती खालीच मिळायची. मी चौथी शिकले, तीही तशाच उजेडात. हिवाळ्यात दाराच्या फटीत चिंध्या कोंबायच्या, म्हणजे चुलीची ऊब पहाटेपर्यंत टिकते, हे मुलानं लहानपणी रोज पाहिलं. मोठेपणी तो स्वतः कोंबायचा, मला सांगावं लागत नव्हतं. आता रेशनला रॉकेल येणंच बंद झालं. गल्लीतल्या पोरांना त्याचा वास ओळखू येत नाही.

पोस्टवर त्याच्या काटकसरीची थट्टा व्हायची. घोटीकडचा हा सोबती सगळ्यात पुढं. दोघं एकाच जिल्ह्याचे, त्यामुळं वर एकमेकांना भावासारखे. तो याला म्हणायचा, "काय रे, तुझी आई रेशनच्या दुकानात बाळंत झाली होती का?" मुलानं हे मला फोनवर हसत सांगितलं होतं. मला हसू आलं नाही, पण राग पण आला नाही. खोटं काय होतं त्यात.

आता घराचं. आमचं घर देवळालीच्या बाजूला आहे, मागं मेथी-कोथिंबिरीचं थोडं रान. जुनं घर कौलारू होतं. ते पाडून मुलानं स्लॅबचं बांधलं. लष्कराच्या तोफांचा सराव चालला की खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि माळावरची धूळ आत येते, म्हणून त्यानं रबर लावलेल्या घट्ट सरकत्या खिडक्या बसवल्या. खिडकी लावली की बाहेर कुणी हाक मारलेली ऐकू येत नाही. मला कौतुक वाटलं होतं. भांड्यांवर धूळ बसायची थांबली.

सुनेचं हे दुसरं बाळंतपण. पहिलं तिच्या माहेरी, सटाण्याकडं झालं. ती मुलगी सात महिन्यांची होऊन गेली, त्याबद्दल इथं लिहीत नाही. या वेळेला तिची आई राहिली नव्हती, तेव्हा सगळं माझ्यावर आलं. माझ्या सासूनं माझं जसं केलं तसंच मी तिचं केलं. तेल लावून अंघोळ, मग बाजेवर निजवायचं आणि बाजेखाली निखाऱ्याची शेगडी सारायची. निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशोपा टाकायच्या, त्यांची धुरी अंगाला लागू द्यायची. वारा लागू द्यायचा नाही. बाहेर श्रावणाची झड, भिंतीला ओल आलेली. मी खिडक्या सरकवून लावल्या, दार लावलं आणि दाराखाली जुनं लुगडं घडी करून कोंबलं.

सून म्हणायची डोकं दुखतं. बाळंतिणीचं दुखतंच, मी म्हणायची. डोकं माझंही दुखत होतं, ते मी धुरीवर घातलं. एकदा उलटी झाल्यावर ती पडून राहिली आणि तिच्या माहेरच्या बोलीत पुटपुटली, "माय, मनं डोकं फुटी ऱ्हायनं." माझ्याशी ती कधी अहिराणी बोलत नाही. झोपेत किंवा फार दुखलं तरच बोलते. मला वाटलं, आईची आठवण आली.

त्याच दुपारी मुलगा आला. येणार हे ठाऊक होतं, वेळ ठाऊक नव्हती. त्यानं ओट्यावर बॅग ठेवली आणि पायही न धुता खोलीचं दार ढकललं. लुगडं अडकलं म्हणून दार उघडेना, तर त्यानं खांदा मारला. आत शेगडी दिसली आणि पुढचं मला नीट सांगता येत नाही इतक्या लवकर झालं. त्यानं बाळ उचलून माझ्या हातात दिलं आणि मला बाहेर लोटलं. खरोखर लोटलं. मग शेगडी दोन्ही हातांनी धरून अंगणात पावसात फेकली. सांडशी कोनाड्यात होती, ती घ्यावी हे त्याला सुचलं नाही. मग खिडक्या उघडल्या आणि सुनेला खांद्यावर टाकून ओट्यावर आणली. तिची मान लुळी पडत होती.

मी ओरडले की बाळंतिणीला वारा लागेल. तो म्हणाला, "लागू दे."

दवाखान्यात नेलं. दोघींना प्राणवायूची नळी लावली. बाळही मुलगीच आहे, ते सांगायचं राहिलं. बाळ लवकर रडायला लागलं, सुनेला संध्याकाळ झाली. वाचल्या दोघी. तिथल्या नर्सबाईंनी मुलाच्या तळहातांना मलम लावून पट्ट्या बांधल्या. मी बाकावर बसले होते. माझ्या सासूनं केलं ते मी केलं, यात माझं काय चुकलं, असं मी त्याला विचारलं. भांडायलाच विचारलं. आमचं जुनं घर कौलारू होतं, धूर आणि निखाऱ्याचा न दिसणारा विषारी वायू कौलांतून निघून जायचा, हे मला पुढं त्यानंच समजावलं. पण तेव्हा तो माझ्याशी भांडला नाही. माझ्याशेजारी बसला, पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "आई, तो असाच मेला."

मग त्यानं सगळं सांगितलं. झोपायच्या खोलीत वरच्या बाजूला एक झरोका होता. तो उघडा ठेवायचा, असा हुकूम होता. पण त्यातून बर्फाचा भुगा आत यायचा आणि गरमी बाहेर जायची, मग बुखारी मोठी करावी लागायची. हिवाळा लांबत चालला होता. डबे खिंड उघडेपर्यंत पुरतील की नाही याची याला धास्ती. खाली सगळ्यांना उत्तर द्यायचं यालाच. म्हणून यानं झरोक्यात पोतं कोंबलं आणि बुखारी बारीक केली. खोली छान गरम राहिली. सोबती म्हणाला, आज पहिल्यांदा तुझ्या रेशनच्या दुकानात सुख मिळालं. मुलगा पहाऱ्यावर गेला आणि परत आला तेव्हा खोलीतला एक जण उलट्या करत होता आणि हा घोटीचा उठत नव्हता.

"पोत्याचं काय केलंस?" मी विचारलं.

"कुणी यायच्या आत उपसलं. बुखारीत घातलं."

त्यामुळं चौकशीला आले त्यांना झरोका उघडा दिसला. उंचीवर श्वास अडकून गेला, असं ठरलं. पोस्टवरच्या कुणाला पोतं आठवलं नाही, किंवा आठवलं तरी कुणी बोललं नाही.

मी रडले नाही आणि त्यालाही रडू दिलं नाही. दवाखान्यात बाळंतिणीसमोर रडून चालत नाही. फट बुजवायला मीच शिकवलं, असं तो बोलला नाही. बोलला असता तरी मी मानलं नसतं. मी फुटक्या कौलांच्या घरात फट बुजवायला शिकवलं होतं.

सून घरी आली आणि घरात दोन बाजू पडल्या. सून म्हणाली, दारावर जा, बसा, पण पोत्याचं बोलू नका. सांगून माणूस परत येत नाही. त्या बाईनं तक्रार केली तर नोकरी जाईल, वर खटला चालेल. मग या पोरीला घेऊन मी काय मेथी विकू? तिचं चूक नव्हतं. मेथी विकून काय होतं ते मला ठाऊक आहे. मुलगा म्हणायचा, न सांगता मला तिच्या घरचं पाणी पिता येणार नाही. आणि मग उठून पत्रा ठोकायला जायचा. त्याच्या हातांवर नवी कातडी आली तरी जाणं होईना. सुट्टी संपत आली.

शेवटी मीच लुगडं बदललं आणि म्हटलं, गाडी काढ. शेजारणीला सुनेजवळ बसवलं. त्याला एवढंच बजावलं, "सांगायचं तर सांग, नाहीतर चहा पी आणि ऊठ. पण तिच्या घरात रडायचं नाही. ती रडली तर रडू दे, तू नाही."

मोटारसायकलवर निघालो. वाटेत तो पेट्रोल पंपावर थांबला. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती, काटा मला मागूनच दिसत होता. रांगेत त्याच्या मागं कुणी आलं की तो त्यांना पुढं जाऊ द्यायचा. मी पाठीत बोट टोचलं तेव्हा त्यानं भरून घेतलं. घोटीच्या अलीकडं पुन्हा चहाला थांबला. चहा त्यानं तसाच ठेवला.

गाव भाताच्या रानात होतं. खाचरांत पाणी, भात गुडघ्याएवढा. बाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती. माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा बारीक. घरधनी रानात गेला होता. मुलानं पाया पडून कुठल्या पोस्टवरचा ते सांगितलं. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "तूच का तो रॉकेलवाला?"

मीच हो म्हटलं.

"फोनवर सांगायचा," ती म्हणाली. "आमच्यात एक रॉकेलवाला हाय, थेंब मोजून देतो. लय हसायचा." आणि ती जरा हसली. हसू आल्याचं तिलाच नवल वाटलं असावं. मग तिनं त्याचे हात बघितले, नव्या कातडीचे तांबडे डाग, आणि काय झालं विचारलं. शेगडीनं भाजलं, तो म्हणाला. पुरुषाच्या जातीनं शेगडीला हात कशाला लावायचा, असं म्हणून ती चहाला उठली.

चहा झाला. माझी आणि तिची भाताची, पावसाची बोलणी झाली. तिच्या ओट्यावर गारवा होता, झड आत येत होती. मी पदर अंगाभोवती घेतला तेव्हा तिनं आतून गोधडी आणून माझ्या पायांवर टाकली. तुम्ही नाही का घेत, मी विचारलं. सहज विचारलं.

"मी नाय घेत आता," ती म्हणाली. "पोरगं थंडीत गेलं. मला काय करायची गोधडी."

तिनं ते तांदळातला खडा काढता काढता सांगितलं. रात्रीही तशीच निजते, घरधन्यानं अंगावर टाकली तर काढून ठेवते, हे पण सांगितलं. मुलगा इतका वेळ खाली बघत होता. त्यानं कपबशी बाजूला सरकवली.

"मावशी, त्याला थंडी नव्हती."

"तू असंच म्हणणार, बाबा."

"नव्हती. खोली गरम होती. लय गरम होती. त्यानंच गेला तो."

आणि मग त्यानं सांगितलं. झरोका, पोतं, बारीक केलेली बुखारी, आणि पोतं नंतर जाळलं ते सुद्धा. त्यानं स्वतःकडं काही ओढून घेतलं नाही आणि काही झाकलंही नाही. माझ्या मुलाला मी इतकं सरळ बोलताना कधी ऐकलं नव्हतं. रडलाही नाही. बाईचा हात तांदळावर चालत होता, पण ती खडे काढत नव्हती. नुसता तांदूळ इकडून तिकडं सारत होती.

तो थांबला तेव्हा तिनं विचारलं, "रॉकेल पुरावं म्हणून?"

"हो."

"मग पुरलं का?"

"पुरलं."

"उरलं का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी काय करणार होते? मी तोंड फिरवलं नाही एवढंच.

"उरलं," तो म्हणाला. "खिंड उघडली तेव्हा एका भिंतीला भरलेले डबे रचलेले होते."

हे त्यानं मलाही सांगितलं नव्हतं.

बाईनं सूप उचललं आणि आत गेली. डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला, तांदूळ ओतले असावेत. आम्ही बसून राहिलो. ती बाहेर येईना. मी गोधडीची घडी करून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. बऱ्याच वेळानं आतूनच तिचा आवाज आला. आवाज नेहमीसारखाच होता.

"जाताना फाटक लावून घ्या. ढोरं शिरतात."

आम्ही फाटक लावलं आणि निघालो. महामार्गावर तेलाच्या टँकरांची रांग लागली होती, त्यांच्या मागं मागं बराच वेळ जावं लागलं. मुलगा एकदाच बोलला. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, म्हणाला. मी म्हटलं, तुला बरं वाटावं म्हणून तिनं तोंड कशाला विटाळावं?

घरी सून दारातच उभी होती. सांगितलं, एवढं मी म्हटलं. ती आत गेली आणि ताटं वाढली. सुट्टीचे उरलेले दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. तो निघाला तेव्हा बाळाला घेऊन ओट्यापर्यंत आली, फाटकापर्यंत आली नाही.

हे सगळं लिहिते आहे तेव्हा पौष चालू आहे. खिंड बंद झाली आहे. बाईनं तक्रार केली असेल तर ती अजून वरपर्यंत पोचलेली नाही. सून रोज फोनची घंटा वाजली की आधी माझ्याकडं बघते. मी दिवाळीनंतर भाजी घेऊन घोटीच्या बाजाराला गेले होते. तिथून त्या बाईचं गाव जवळ आहे. गेले नाही. ती गोधडी घेते की नाही हे विचारायला जायचं होतं, पण कुठल्या तोंडानं विचारणार?

मुलाला या वर्षी पण डबे सांभाळायचं काम दिलं आहे. मागच्या हिवाळ्यात त्यानं ते पुरवले, म्हणून दिलं. परवा त्याचा फोन आला. झरोका आता तो स्वतः उघडा ठेवतो आणि समोर निजतो, कुणाला हात लावू देत नाही. थंडीनं पोरं त्याला शिव्या देतात. बुखारीही मोठी ठेवतो. त्यामुळं डबे भराभर खाली होत आहेत आणि हिवाळा अजून निम्माही गेलेला नाही.

"पुरतील का?" मी विचारलं.

तो म्हणाला, "नाही वाटत."

इकडं तोफांचा सराव सुरू होता. बाळाच्या खोलीची खिडकी मी उघडीच ठेवते, त्यामुळं सगळं ऐकू येतं. त्यानं विचारलं, हा आवाज कसला? मी म्हटलं, रोजचाच.